हाऊसफुल्ल होऊनही तोटा कसा होतो? मोठ्या संगीत नाटकाचं साधं गणित

गेल्या मे महिन्यात सांगलीत एक मोठं संगीत नाटक आलं होतं. नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं. दुपारी एकच्या सुमारास मी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभा होतो. ट्रकमधून राजवाड्याचा जिना उतरवला होता आणि तो दारातून आत जात नव्हता. बॅकस्टेजच्या एकानं टेप लावून दार मोजलं, जिना मोजला, मग पुन्हा दार मोजलं. "मालक, चार बोटं जादा हाय. आडवा केला तरी जायाचा न्हाई," तो म्हणाला. जिना परत ट्रकमध्ये चढला. त्या संध्याकाळी राणी महालातून खाली उतरली नाही, विंगेतून सरळ चालत आली.

प्रयोग सुरेख झाला. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला होता, बाल्कनीतसुद्धा जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नाटकाचे व्यवस्थापक म्हणाले, "कालचा तोटा चाळीस-पन्नास हजारांत बसला, तर बरं म्हणायचं." बरोबरच्या दोघा-तिघांना हे पटेना. खुर्ची रिकामी नाही आणि तोटा? पण ते अगदी खरं बोलत होते. त्यांनी सांगितलेलं गणित सगळ्यांना कळलं पाहिजे असं मला वाटतं, कारण अशी नाटकं आपल्या गावात येत राहतील की नाही ते त्यावरच ठरतं.

नाटकाला दोन वेगळे खर्च असतात. पहिला, नाटक उभं करायचा खर्च. तालमी, नेपथ्य, कपडेपट, संगीत, रंगीत तालीम, शुभारंभाच्या जाहिराती. हा एकदाच होतो. दुसरा, प्रत्येक प्रयोगाचा खर्च. पडदा जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा तो होतो. वर्तमानपत्रात पहिल्याचीच बातमी येते, की अमुक नाटकावर इतके लाख लावले. पण नाटक चालणार की बंद पडणार हे बहुतेक वेळा दुसरा खर्च ठरवतो.

आता आकडे मांडू. हे आकडे कोणा एका नाटकाचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. समजा नाट्यगृहात 800 खुर्च्या आहेत आणि तिकिटाची सरासरी 350 रुपये पडते. नाट्यगृह पूर्ण भरलं तर गल्ला 2 लाख 80 हजार. यापेक्षा एक रुपयाही जास्त येऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. माणसं दाराबाहेर कितीही उभी असली तरी खुर्च्या 800 च.

खर्चाच्या बाजूला 45 माणसं धरू. नट, गायक, नाचणारी मुलं, ऑर्गन-तबला-व्हायोलिनवाले, प्रकाश-ध्वनी, रंगभूषा, बॅकस्टेज. प्रत्येकाची नाईट सरासरी अडीच हजार, म्हणजे 1 लाख 12 हजार 500. (नाटकवाले एका प्रयोगाच्या मानधनाला नाईट म्हणतात, प्रयोग सकाळी अकराचा असला तरी.) राहणं-जेवण माणशी हजार, म्हणजे 45 हजार. दोन बस 50 हजार, सामानाचा ट्रक 40 हजार, नाट्यगृहाचं भाडं 20 हजार, जाहिरात 25 हजार, ध्वनी-प्रकाशाचं भाड्याचं सामान 30 हजार. बेरीज 3 लाख 22 हजार 500. गल्ला 2 लाख 80 हजार. हाऊसफुल्ल होऊन साडेबेचाळीस हजार खिशातून गेले.

तीन पात्रांच्या, एका दिवाणखान्यात घडणाऱ्या नाटकाला हा प्रश्न पडत नाही. दहा-बारा माणसं, एक बस, सेट त्याच बसच्या टपावर किंवा डिकीत. अर्धं नाट्यगृह भरलं तरी सुटका होते. आपल्या रंगभूमीवर गेली कित्येक वर्षं अशी आटोपशीर नाटकं का वाढली, याचं कारण लेखकांच्या आवडीइतकंच या हिशेबात आहे.

मग मोठ्या नाटकानं करायचं काय? एकाच गावात, एकाच सेटवर दिवसात दोन प्रयोग. बस, ट्रक, जेवण, जाहिरात हे सगळं तेवढंच राहतं. नाईट दुप्पट होते, भाडं दुप्पट होतं, ध्वनी-प्रकाशाचं सामान 30 च्या जागी 45 हजारांत भागतं असं धरू. एकूण 4 लाख 70 हजार. दोन्ही प्रयोग भरले तर गल्ला 5 लाख 60 हजार. म्हणजे 90 हजार हातात. हेच नाटक, हेच गाव, तीच माणसं. फक्त पडदा दोनदा उघडला.

याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'. ते 2018 मध्ये नव्यानं रंगभूमीवर आलं आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला मुंबईत एका दिवसात त्याचे पाच प्रयोग झाले. लोक त्याकडे विक्रम म्हणून बघतात. मी त्यात सेट एकदा लावून पाच वेळा वापरण्याचं शहाणपण बघतो.

पण या 90 हजारांवर फार विसंबू नका. समजा नाटक उभं करायला 75 लाख लागले. रोज 90 हजार सुटले तर ते फिटायला दोन-दोन प्रयोगांचे 84 दिवस लागतील. शनिवार-रविवारच धरले तर साधारण दहा महिने, एकही खुर्ची रिकामी न ठेवता. आता फक्त दहा टक्के खुर्च्या रिकाम्या राहिल्या असं धरा. गल्ला 5 लाख 4 हजार, खर्च तोच, सुटतात 34 हजार. 84 चे 221 दिवस होतात! प्रेक्षक दहा टक्क्यांनी घटले आणि शिल्लक साठ टक्क्यांहून जास्त घटली. वीस टक्के खुर्च्या रिकाम्या राहिल्या की रोज पदरचे जातात, आणि मग जितके जास्त प्रयोग तितकं जास्त कर्ज. निर्माते चांगलं चाललेलं नाटक अचानक का थांबवतात, असं आपल्याला वाटतं. ते बहुधा याच टप्प्यावर आलेलं असतं.

हा पेच नवा नाही. तो पहिल्यांदा पडला तोच मुळी सांगलीत. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं, ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयावर. कपडे, दागिने, माणसं, सगळ्यामागे संस्थान उभं होतं. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. 1851 मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दर वर्षी 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतो. त्या दिवशी भाषणांमधून सीता स्वयंवराची आठवण निघते. मला मात्र त्यानंतरच्या दहा वर्षांची जास्त आठवण येते. राजाश्रय गेल्यावर, घरापासून लांब, आज किती लोक येतील याचा अंदाज बांधत बसलेला पहिला मराठी नाटकवाला आपल्या सांगलीचा होता.

पुढच्या कंपन्यांनी या अडचणीवर एक फार हुशार तोड काढली होती. रंगवलेले पडदे. राजवाडा, अरण्य, रस्ता, आश्रम, सगळं कापडावर. खेळ संपला की गुंडाळी करायची आणि पुढच्या गावाला निघायचं. रुंद दार लागत नाही, चार बोटं कमी-जास्त झाल्यानं काही अडत नाही. आणि प्रेक्षकाला तरी काय कमी पडलं? गाणं समोर, जिवंत, वन्समोअर घेणारं.

उलट बाजूही याच जिल्ह्यानं पाहिली आहे. बालगंधर्वांचं मूळ गाव नागठाणे, आपल्या पलूस तालुक्यातलं. 1913 मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचं वैभव ऐकत आपण मोठे झालो. उंची शालू, खरे गालिचे, अत्तर. रसिकांना उत्तमच द्यायचं, या एका हट्टापायी कंपनी कर्जात बुडाली. नारायणरावांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, दिवाळं काढलं नाही, प्रयोग करून करून कर्ज फेडलं. त्यांच्या गळ्याइतकंच मला याचं मोल वाटतं. पण ज्या कंपनीची तिकिटं मिळवायला लोक धडपडायचे ती कर्जात जाते, तेव्हा दोष प्रेक्षकांच्या संख्येचा नसतो. प्रयोगाचा खर्च गल्ल्याच्या वर गेलेला असतो.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत, लंडनात अशी नाटकं वर्षानुवर्षं कशी चालतात? तिथली रीतच वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकतं. सेट एकदा लागतो तो नाटक बंद होईपर्यंत निघत नाही. आठवड्याला आठ प्रयोग. नाटक हलत नाही, प्रेक्षक बदलत राहतो, कारण शहरात दर आठवड्याला नवे पर्यटक येतात. 'द लायन किंग' हे मुलांसकट सगळ्या घरानं बघायचं संगीत नाटक तिथे नोव्हेंबर 1997 पासून चालू आहे. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' 35 वर्षं चाललं, 13,981 प्रयोग झाले, आणि एप्रिल 2023 मध्ये तेही थांबलं.

आणि तिथेही खर्चाचं गणित चुकलं की माफी नाही. 'स्पायडर-मॅन'वरच्या संगीत नाटकाला साडेसात कोटी डॉलर लागले. नट प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडायचे. हजारावर प्रयोग झाले, सुरुवातीला गर्दी तुफान. पण दर आठवड्याचा नुसता चालवण्याचा खर्चच दहा लाख डॉलरच्या वर होता. जानेवारी 2014 मध्ये ते बंद झालं आणि लावलेले बहुतेक पैसे बुडाले. 'श्रेक'चं जास्त शिकण्यासारखं. अडीच कोटी डॉलर लावून 2008 च्या डिसेंबरात उघडलं, वर्षभरात 441 प्रयोगांनंतर बंद. नंतर तेच सुटसुटीत होऊन दौऱ्यावर निघालं, आणि आज तिथल्या शाळाशाळांतून मुलं ते करतात. गोष्ट तीच होती, गाणी तीच होती. सामान कमी झालं आणि नाटक जगलं.

आपली रीत पहिल्यापासून दौऱ्याची. आज सातारा, उद्या कराड, परवा सांगली, मग इचलकरंजी आणि कोल्हापूर. मुंबईहून निघालेला ट्रक पावणेचारशे किलोमीटर येणार तर वाटेत चार गावांच्या तारखा मिळाल्या पाहिजेत. त्यातली एक निसटली तरी बाकीच्या गावांवरचा वाहतुकीचा बोजा वाढतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा हळहळ सगळ्यांनाच वाटली. पण त्या आगीचा एक परिणाम सांगलीवरही होता, याचा फार कमी लोकांनी विचार केला. कोल्हापूरची तारीख नाही म्हटल्यावर मोठ्या नाटकाला हा दौराच परवडेनासा होतो.

यात आणखी एक खोल कारण आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी ते 1966 मध्ये मांडलं. आपल्या हळदीवरून सांगतो. पूर्वी शिजवून वाळवलेली हळद हातानं घासून पॉलिश करायचे. मग मोटरवर फिरणारा ड्रम आला, थोडीच माणसं कितीतरी जास्त माल काढू लागली. त्यामुळे त्यांची मजुरी वाढली तरी पोत्यामागचा खर्च तेवढा वाढत नाही. आता देवलांच्या 'शारदा' या संगीत नाटकातलं एखादं पद घ्या. ते 1899 मध्ये गायला जितका वेळ आणि जितकी माणसं लागायची, तितकीच आजही लागतात. ऑर्गनवाला एका वेळी दोन नाट्यगृहांत वाजवू शकत नाही. पण त्याला घर चालवायचं आहे, त्याची नाईट बाजारभावाबरोबर वाढलीच पाहिजे. म्हणून जिवंत कला दर वर्षी बाकी वस्तूंपेक्षा महाग होत जाते. यात नाटकवाल्यांची हाव नाही, आळस नाही.

पहिली कुऱ्हाड इथेच पडते. निर्माता म्हणतो, वादक कमी करू, आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक लावू. खर्च खरंच उतरतो. माझं मत याच्या सपशेल विरुद्ध आहे. जिना कापा, महाल कापा, फिरता रंगमंच नको. तबलजी ठेवा. जवळच मिरजेत सतार-तंबोऱ्यांची वाद्यं घडतात, आणि इथल्या मुलानं नाट्यगृहात बसून पेनड्राइव्हवरचं गाणं ऐकायचं? ते तर त्याला घरी मोबाइलवर मिळतंच आहे.

तिकीट वाढवावं म्हटलं तर तिथेही भिंत आहे. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की 18 टक्के. म्हणजे 600 चं तिकीट प्रेक्षकाला 708 ला पडतं. शिवाय कुटुंबाच्या नाटकाचं तिकीट एकट्यानं घ्यायचं नसतं. बुकिंगच्या खिडकीवर माझ्यापुढे एक काकू होत्या. पदराला धरून नातू. "चौघांचे किती झाले, दादा?" खिडकीतून उत्तर आलं, सोळाशे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "मग असं करा, दोन द्या. मी आन् ह्यो. सून-लेक पुढच्या बारीला बघतील." पुढची बारी कधी, हे त्यांना कोण सांगणार होतं? त्या घराच्या चार खुर्च्यांतल्या दोन गेल्या. सहा वर्षांच्या मुलालाही पूर्ण खुर्ची लागते, हे निर्मात्याला फायद्याचं वाटतं. पण घराच्या पाकिटाला ते चौपट बसतं.

दिवसही मोजके. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, एप्रिलच्या परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत. पावसाळ्यात कोण धाडस करणार? ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 चा महापूर बघितलेली सांगली त्या दिवसांत नाटकाचा प्लॅन, म्हणजे बुकिंगचा खुर्च्यांचा तक्ता, बघत नाही, पुलाची पातळी बघते. आणि सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून दोन प्रयोग लावावेत, तर रंगमंचावरच्या मुलांचाही विचार करावा लागतो. बालकलाकाराला दिवसात 5 तासांहून जास्त काम देता येत नाही, तेही मध्ये विश्रांती देऊन. रंगभूषा, थांबणं, दोन प्रयोग धरले तर मुलांचे दोन संच हवेत. नियम योग्यच आहे. फक्त तो खर्चात पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

मग सांगलीत असं नाटक चालेल का? मुक्काम ठोकून महिनाभर, नाही. ते होणार नाही आणि तशी आशा धरून कोणी पैसे लावू नयेत. पण वर्षातून दोनदा यावं, दर वेळी दोन दिवस, रोज दोन प्रयोग, हे मात्र जमण्यासारखं आहे. चार प्रयोगांच्या 3,200 खुर्च्या. चौघांचं घर धरलं तर 800 घरं. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, म्हणजे चौघांच्या हिशेबानं सव्वा लाख घरं. दीडशे घरांमागे एकच घर यायला हवं. पुढच्या खेपेला दुसरी 800 घरं, शिवाय आवडलेली काही तीच.

त्यासाठी प्लॅन चार दिवस आधी उघडून भागत नाही. चार माणसांच्या घराला सोळाशे रुपये महिन्याच्या पगारात बसवायला वेळ लागतो. त्या व्यवस्थापकांना मी एवढंच सुचवलं. प्लॅन तीन आठवडे आधी उघडा, पगाराची तारीख मध्ये येईल असा. चौघांचं एकत्र तिकीट थोडं स्वस्त ठेवा, मागच्या रांगांत का होईना. आणि तारखा जाहीर करतानाच पुढची खेप कधी तेही छापा, म्हणजे काकूंच्या सून-लेकाला बारी मिळेल. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार त्यांनी नाट्यगृहाकडे मागितला आहे, आणि जिन्याच्या जागी पडदा रंगवायला दिला आहे.